पाटावरून थेट गाडीत

गुलाबराव भाऊजी लढाईवर गेले ते अंगाला हळद लावून. ही थाप नाही. मोहगावला त्यांच्या अंगणात बायांनी गाणी म्हणत त्यांना पाटावर बसवलं, कानशिलापासून तळपायापर्यंत पिवळंधमक केलं, आणि उरलेली उष्टी हळद त्यांचा धाकटा भाऊ डब्यात घालून, सौंसरहून बस धरून, डबा मांडीवर सांभाळत पांढुर्ण्याला आमच्या घरी घेऊन आला. नवरदेवाच्या अंगाची हळद नवरीला लावायची, ही आमच्याकडची रीत. ती ताईला लागली, बायांनी गाणी म्हटली, आईनं पातोडीचा रस्सा केला, आणि नेमकं तेव्हाच तिकडे मोहगावात तार येऊन पडली की रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. भाऊजींना अंघोळीलाही सवड मिळाली नाही. तसेच पिवळे, वर गणवेश चढवून, नागपूरची बस धरून निघून गेले. पुढे पलटणीत पोचल्यावर हवालदारानं त्यांना नखशिखांत पाहिलं आणि कावीळ झाली म्हणून सरळ दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरनं डोळे पाहिले, जीभ पाहिली, मग बोटानं गाल खरवडून त्याचा वास घेतला आणि हसून हसून त्याला खुर्चीत बसावं लागलं. तेव्हापासून साऱ्या पलटणीत भाऊजींचं नाव ‘हल्दी’ पडलं. राजस्थानच्या वाळूत तोफा धडधडत होत्या तेव्हाही त्यांना याच नावानं हाक मारायचे म्हणे.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. बाबा सरकारी शाळेत मास्तर. नियमांना इतके भिणारे की बसमध्ये तिकीट हरवेल म्हणून ते मुठीत धरून बसायचे आणि उतरेपर्यंत त्याचा लगदा करायचे. आई गरीब स्वभावाची. घरात राज्य होतं ते मैनाआत्याचं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीचं. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि आल्याबरोबर तिनं सगळी सूत्रं हातात घेतली होती. रीतिभातीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. कोणत्या दिवशी काय खायचं, कोणत्या दिशेला तोंड करून निघायचं, हे तिला विचारल्याशिवाय आमच्या आळीत पान हलत नसे. आणि एक गंमत सांगते, तिला अडचणीत टाकलं की ती रीत मोडायची नाही, पण रीतीला असं काही वळवायची की आपण आ वासून पाहत राहावं. मला ती फार आवडायची, आणि तिची भीतीही तेवढीच वाटायची.

ताईचं नाव कुसुम. ती बोलायचीच नाही. भांडी घासताना, दळताना, मार खातानाही नाही. भाऊजी पाहायला आले तेव्हा तिनं एक वाक्य उच्चारलं नाही, आणि भाऊजींनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि हातातली चहाची बशी पायजम्यावर पालथी केली. एवढीच दोघांची ओळख. पण पाहुणे गेल्यावर ती मोरीत तीच बशी घासत बराच वेळ बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी कधी विसरले नाही.

आता हळद लागली आणि लग्न राहिलं. असं आमच्या गावात कधी घडलंच नव्हतं. आत्यानं कायदा सांगितला. “हळद लागली म्हंजे अर्धं लगन झालं बाप्पा. आता अक्षता पडेपर्यंत पोट्टीनं शिवेबाहेर पाय ठेवायचा नाही, एकटं राह्यचं नाही, हातातला अडकित्ता सोडायचा नाही.” अडकित्ता अशासाठी, की हळदीच्या अंगाला लोखंडाची राखण लागते. एरवी ही राखण एका रात्रीपुरती असते. ताईच्या हातात तो अडकित्ता साऱ्या लढाईभर राहिला. एका हातात अडकित्ता धरून ती पोळ्या लाटायची, एका हातानं वेणी घालायची, उशीखाली अडकित्ता घेऊन झोपायची. आणि तिची करवली म्हणून मला तिच्या पाठोपाठ सगळीकडे, म्हणजे अगदी सगळीकडे जावं लागायचं. बाहेर उभी राहून मी आतल्या ताईला भूमितीची प्रमेयं पाठ म्हणून दाखवायचे. त्या वर्षी मला भूमितीत चांगले गुण मिळाले त्याचं खरं कारण हे आहे.

हसायला खूप होतं, पण संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या की सगळे हातातलं काम टाकून दाराशी यायचे. ताई उंबऱ्याच्या आत उभी राहायची, मी तिच्या मागे. तिचा अडकित्ता मिटत-उघडत राहायचा, खट, खट. मला फार भीती वाटायची, ती स्पष्टच सांगते. मला भाऊजींचं काही पडलं नव्हतं, मी त्यांना ओळखत तरी कुठे होते? मला भीती वाटायची ती ताईची, की वाईट बातमी आली तरी ही पोरगी एक अक्षर बोलणार नाही आणि तशीच पिवळी बसून राहील.

लढाई संपली. पांढुर्ण्यात पोरांनी बत्ताशे उधळले, आमच्या मास्तर बाबांनी शाळेला सुट्टी देताना पहिल्यांदाच हेडमास्तरांची परवानगी घेतली नाही. पुढे भाऊजींची कार्डं आली, एक मोहगावला, एक आम्हाला. खुशाल आहे, संक्रांतीच्या सुमारास पलटण याच रेल्वेलाइनीनं दक्षिणेकडे जाणार, पण रजेचं नाव काढू नका, वर्षभर तरी नाही. घरात आनंद झाला, तो जेवणं होईपर्यंत टिकला. मग बाबा म्हणाले, वर्षभर? हळद लागलेली मुलगी वर्षभर घरात ठेवायची? लोक आधीच बोलत होते. हळद वाळली, म्हणजे अपशकुन. आणि सौंसरला तहसील कचेरीत एक कारकून होता, चांगल्या घरचा, त्याच्या वडिलांनी बाबांकडे निरोप टाकला होता की तुमचं तिकडचं मोडलं तर आम्ही आहोत. बाबांनी उत्तर दिलं, संक्रांत झाली की कळवतो. म्हणजे जवळपास हो म्हणूनच मोकळे झाले. ताईला कोणी विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धत नव्हती, असं आता लोक म्हणतात. मला ते पटत नाही. घरातल्या घरात विचारायला पद्धत कशाला लागते?

त्या दिवशी ताईनं मला विहिरीवर विचारलं, “सुमे, तो सौंसरवाला तू पाह्यला?”

“पाह्यला. पान खाऊन राहिला होता. कॉलरवर डाग.”

तिनं बादली सोडली आणि पाणी ओढलं. भरलेली बादली तिनं विहिरीच्या काठावर ठेवली आणि परत विहिरीतच ओतून दिली. मी ते पाहिलं, आणि घरी जाऊन आत्याला सांगितलं.

संध्याकाळी दुर्गाप्रसाद आला. तो स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन होता आणि आमच्या शेजारी राहायचा. कार्डाची हकिकत त्याला ठाऊक होती. तो म्हणाला, “मास्टरजी, जमाई बाबू की स्पेशल कल दोपहर को आ रही है. पर इधर नहीं रुकेगी, हाँ. तिगाँव में खड़ी करेंगे, मेल को रास्ता देने के लिए.” तिगाव म्हणजे आमच्या आधीचं स्टेशन. बाबा म्हणाले, बरं, जाऊन भेटून येऊ, पुऱ्या देऊ. आत्या म्हणाली, “पुऱ्या तं देऊच. पण लगन लावूनच येऊ.”

त्या रात्री आमच्या घरी जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करणं अवघड आहे, कारण प्रत्येक जण काहीतरी नाही म्हणत होता आणि आत्या एकटी पुरी तळत तळत सगळ्यांना वाटेला लावत होती. महाराजांना बोलावलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, “पौषात लग्न? उद्या मला कोणी दारात उभं करणार नाही.” आत्या म्हणाली, “पौषात कोण लावून राहिलं महाराज? लगन तं कार्तिकातच सुरू झालं, हळद काय पौषात लागली? उरलेलं काम तेवढं आटपून टाका.” महाराजांनी पंचांग मिटलं आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं. आई म्हणाली, पण शीव? तिगाव शिवेबाहेर आहे, हळदीच्या पोरीचा पाय तिथे कसा लागायचा? “पाय लागूच द्यायचा नाही,” आत्या म्हणाली. “बैलगाडीतून पाटावर, पाटावरून बैलगाडीत. जमिनीले पाय लागला नाही म्हंजे शीव ओलांडली नाही.” उरले बाबा. “अक्का, फौजी गाडी आहे ती! मी सरकारी नोकर!” आत्यानं झारा वर उचलला. “तू घरी राह्य गा. कन्यादान मी करतो.” बाबा रुसले, पण सकाळी सगळ्यांच्या आधी कोट घालून गाडीत बसले होते.

तीन बैलगाड्या निघाल्या. एकीत बाया आणि गाणी, एकीत पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, तिळाचे लाडू आणि संत्र्याच्या पेट्या, आणि एकीत ताई, मी, महाराज, एक सनईवाला आणि त्याचा सर्दी झालेला डफडेवाला. ताई पिवळ्या लुगड्यात, कपाळाला बाशिंग, हातात अडकित्ता. वाटेतल्या कपाशीत बाया वेचणी करत होत्या, त्या ओरडून विचारायच्या, “वरात कुठी जाऊन राहिली वं?” आणि आत्या ओरडून सांगायची, “टेसनात!” त्यातल्या काही जणी ओटीतला कापूस तसाच सोडून आमच्या मागे आल्या. तिगावला पोचेपर्यंत आमची चांगली जत्रा झाली होती. स्टेशनमास्तरांनी आम्हाला पाहून टोपी काढली, परत घातली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. चांगला माणूस.

गाडी आली. एवढी लांब गाडी आणि एवढी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. प्रत्येक खिडकीत तीन-तीन तोंडं, दारांत पाय सोडून बसलेले, कुठे ढोलकी, कुठे भांगडा. त्यांनी प्लॅटफॉर्मवर पाटावर बसलेली पिवळी नवरी पाहिली, सनई ऐकली, आणि जी आरोळी ठोकली ती ऐकून आमचे बैल उधळले. आता प्रश्न असा आला की नवरदेव कोणता? आम्ही त्यांना एकदाच पाहिलं होतं, भरल्या अंगाचे, केस तेल लावून चापलेले. इथे सगळेच बारीक, सगळेच काळे, सगळेच धुळीनं भरलेले. आत्या डब्याडब्यासमोर पळत ओरडू लागली, “अगा, गुलाबराव कोण हाये तुमच्यात? मोहगावचा गुलाबराव!” कोणाला कळेना. मग एका सरदारजीनं पिवळ्या नवरीकडे पाहिलं आणि मागे वळून बोंब मारली, “ओए हल्दी! तेरी हल्दी आ गई ओए!” आणि पंधरावीस हातांनी ढकलत ढकलत एक हाडकुळा माणूस दारात आणून उभा केला. डोळे खोल गेलेले, गालफडं आत. मी ओळखलं नाही. आईनंही नाही. ताईनं ओळखलं, कारण तिनं पटकन मान खाली घातली.

इतक्यात एक साहेब आले आणि त्यांनी हुकूम सोडला की कोणीही खाली उतरायचं नाही. म्हणजे नवरदेव उतरू शकत नाही आणि नवरीचा पाय जमिनीला लागू शकत नाही. आत्यानं क्षणभरही दवडला नाही. संत्र्याच्या पेट्या डब्याच्या दारासमोर एकावर एक रचल्या, त्यावर पाट, पाटावर चौघा मामा-काकांनी उचलून ताईला उभं केलं. आत्याची शाल झाली अंतरपाट, एक टोक बाबांच्या हातात, एक सरदारजीच्या. साहेब पाहत उभे होते. त्यांना आईनं तिळाचा लाडू दिला तो ते खाऊ लागले आणि मग त्यांना काही बोलता येईना. महाराजांनी मंगलाष्टकं सुरू केली. आमचे महाराज गळ्याचे गोड, पण एकेक ओळ अशी लांबवत की मधे माणसानं घरी जाऊन यावं. खिडक्याखिडक्यांतून जवान अक्षता मागू लागले, अक्षता संपल्या तसे त्यांनी आपल्याजवळचे भाजलेले चणे काढले. अर्ध्यात मेल धडधडत बाजूनं गेली आणि एक अख्खं कडवं कोणालाच ऐकू आलं नाही. मेल गेली म्हणजे आता आमची गाडी सुटणार. आत्या ओरडली, “आटपा महाराज!” महाराज गाता गाताच मानेनं नाही म्हणाले. शिट्टी झाली. डब्याला हिसका बसला. महाराजांनी शेवटचं सावधान एवढ्या घाईनं म्हटलं की त्यांना ठसका लागला, शाल ओढली गेली, तांदूळ आणि चणे सगळ्यांच्या डोक्यावर पडले, आणि गाडी हलली.

हार राहिले होते. भाऊजींनी दारातून हात पुढे केला होता, हारासाठीच केला असावा. मी हार ताईच्या हातात दिला. तर ताईनं काय केलं? अडकित्ता माझ्या हातात ठेवला, हार स्वतःच्या खांद्यावर टाकला, तो पुढे आलेला हात धरला आणि पाटावरून थेट गाडीच्या पायरीवर पाऊल टाकलं. आमची ताई! जिला बादलीभर पाणी परत विहिरीत ओतण्यापलीकडे राग दाखवता येत नव्हता! तिचं पिवळं लुगडं दारात दिसलं आणि आत ओढलं गेलं, आणि साऱ्या गाडीनं पुन्हा ती आरोळी ठोकली. बाबा गाडीबरोबर पळत सुटले, कोटाची टोकं उडताहेत, एक चप्पल मागे राहिली आहे, आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडताहेत, “कुसुम! अगं कुसुम! तुझ्याजवळ तिकीट नाही!”

गाडी गेली. आम्ही सगळे रुळांकडे पाहत उभे. आई रडत होती. आत्या वाकून संत्र्याच्या पेट्यांभोवतीची माती निरखत होती. मग ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पाय लागला नाही.” आणि जे हसू फुटलं ते परतीच्या वाटेवर पांढुर्ण्यापर्यंत पुरलं. मी तर गाडीत आडवी होऊन हसत होते, अडकित्ता छातीशी धरून, आणि हसता हसता माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. मला इतका आनंद पुढे माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नाही. आमचे हे हयात नाहीत, म्हणून लिहिते.

पांढुर्णा स्टेशनवर काय झालं ते मी पाहिलं नाही, पण तिथे हजर असल्याचं सांगणारे लोक इतके भेटले की तेवढे त्या प्लॅटफॉर्मवर मावलेच नसते. मोहगावची मंडळी कार्डावरून अंदाज बांधून त्या दिवशी तिथे येऊन थांबली होती. गाडी थांबणार नाही, निदान मुलाचं तोंड तरी दिसेल म्हणून. फौजी गाडीत नवरी आहे हे कळल्यावर गार्डाला घाम फुटला आणि त्यानं लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली. सासूबाई पाहतात तर लेकाऐवजी डब्यातून एक पिवळी नवरी उतरते आहे, गळ्यात हार, आणि मागे दारात लेक उभा, त्याच्याही गळ्यात हार. दुसरा हार कुठून आला? तो सरदारजीनं डब्याला बांधलेल्या झेंडूच्या तोरणाचा केला होता म्हणे. सासूबाईंनी घाबरून विचारलं, “कोनाची वं तू?” ताई म्हणाली, “तुमचीच.” संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा आमच्या घराला कुलूप आणि ओट्यावर ताईसकट सारं मोहगाव बसलेलं. सौंसरच्या कारकुनाला कोणी कळवलंच नाही. त्याला बातमी आमच्या आधी मिळाली होती.

भाऊजी पुढे रजेवर आले, नोकरी पुरी करून आले, मोहगावला संत्र्याचा बगीचा लावला, उन्हाळ्यातही फौजी जर्सी घालून झाडांना पाणी दिलं. सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावलं की पोरांना फक्त काविळीची गोष्ट सांगायचे. कोणी विचारलंच की तुम्ही किती शत्रू मारले, तर ऐकू आलं नाही असं दाखवून संत्री वाटायला घ्यायचे. आणि मी, आमचे हे, नंतर आमची पोरं, सगळे एकच प्रश्न घेऊन त्यांच्या मागे लागायचो, की तिगाव ते पांढुर्णा तुम्ही दोघं गाडीत काय बोललात? ते म्हणायचे, तुमच्या ताईले विचारा. ताईला विचारलं की ती पदर तोंडाला लावून हसायची.

भाऊजी गेले त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हा सौंसरहून माजी सैनिक आले, तिरंगा आला, भाषणं झाली. एका गृहस्थानं त्यांचं असं काही वर्णन केलं की मला वाटलं हा कोण्या दुसऱ्याच माणसाबद्दल बोलतो आहे. मला राग आला, पण ताई शांतपणे ऐकत होती. तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले आणि आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. मी म्हातारी झाले तरी खोडकरपणा जात नाही. मी म्हटलं, “ताई, आता तं सांग. काय बोलले होते गं तुम्ही?”

ताई शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “काही नाही वं. झोपले ते.”

“म्हणजे?”

“बाकावर जागा करून देली मले त्या पोट्ट्यायनं. हे बाजूले बसले, अन् बसल्या बसल्या डोकं माह्या खांद्यावर. घोरूनच राहिले. सारा डब्बा गाणं म्हणून राहिला होता, त्या सरदारानं तोंडावर बोट ठेवलं, सारे चूप झाले. मंग त्यानं हळूच सांगतलं मले, लढाईपासून हा झोपतच नाही बहनजी, डोळा लागला का दचकून उठते.” तिनं सुपातले दाणे सारखे केले. “मी हललीच नाही. खांदा अवघडला, तरी नाही. पांढुर्णा दिसलं तवा उठवलं. म्हटलं, अहो, उठा, माह्यं गाव आलं.”